त्रिचीचं पेट्रोल

मेलवीधी, तंजावर
९ फेब्रुवारी १९६४

चि. वसुमतीस कल्याणरामचे आशीर्वाद.

पाकिटावर नाव घालताना हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला. ते पाकीट फाडलं. दुसऱ्यावर नुसतं नाव आणि तुमच्या वडिलांचा बडोद्याचा पत्ता घातला आहे. चुकलं असेल तर समजून घ्यावं.

तुम्ही या घरात सात वर्षं होतात. एवढ्या काळात आपण एकमेकांशी बोललो नाही. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, आजोबांच्या आधीपासूनची. तुम्ही दाराच्या चौकटीला सांगायचात, "कॉफी निवते आहे." मी चौकटीलाच उत्तर द्यायचो, "आलो." तेव्हा हे माझं तुम्हाला पहिलंच बोलणं, आणि तेही गाडीबद्दल. याला इलाज नाही.

काम असं आहे. नटराजची गाडी तुमच्या नावावर आहे. तुम्हाला हे ठाऊक होतं की नाही ते मला ठाऊक नाही. विम्याच्या कामाला फिरायला म्हणून त्यानं घेतली, तेव्हा ती त्याच्याच नावावर असेल असं मी धरून चाललो होतो. तो गेल्यावर कपाटातली फाइल उघडली. आर.सी. बुकात मालक म्हणून तुमचं नाव निघालं. विकायची तर सही तुमची लागेल.

गिऱ्हाईक आहे. ओरत्तनाडूला सीतारामराव म्हणून आहेत, त्यांची भाताची गिरणी आहे. जावयासाठी त्यांना ही गाडी हवी आहे. साडेचार हजार देतो म्हणतात. गोल्डन रॉकच्या रेल्वे कारखान्यातला एक इंग्रज साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून नटराजनं ती सहा हजारांना घेतली होती. चार वर्षं वापरून साडेचार म्हणजे भाव वाईट नाही. इतक्या बुटक्या, दोन दारांच्या गाडीला एरवी इथे कोण विचारणार? मागच्या सीटवर एक माणूस आणि एक फणस बसवायचा म्हटलं तर माणसाला उतरावं लागेल, असं सीतारामराव स्वतःच म्हणाले. पण जावयाला तिचा वेग हवा आहे. पैसे अर्थात तुमचे. ड्राफ्ट काढून पाठवीन.

वर्ष होईपर्यंत गेलेल्या माणसाची वस्तू विकू नये, असं तुमच्या जाऊबाईंचं, राजमचं, मत आहे. माझं तसं नाही. गाडी दारासमोर झावळ्यांच्या मांडवात उभी असते. कचेरीतून आलो की आधी ती दिसते. दर तिसऱ्या दिवशी इंजिन चालू करावं लागतं, नाहीतर बॅटरी उतरते. मेकॅनिक गुरुमूर्ती येऊन ते करतो, मी बाजूला उभा राहतो. तो गेला की मला घरात बसवत नाही. कालव्यापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. हे पत्र लिहितानाही दोनदा उठलो. ती एकदा दारातून गेली की बरं वाटेल.

फॉर्म सोबत आहे. फुली केलेल्या जागी सही करून पाठवावा.

कल्याणराम


तंजावर
८ मार्च १९६४

चि. वसुमतीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. फॉर्म कोराच परत आला. सोबत तुमच्या दोन ओळी आहेत: "ती गाडी माझी कधीच नव्हती. दर रविवारी ती त्रिचीला जिच्यासाठी जायची तिचं नाव कळवा, तिच्या नावावर करायला मी सही देते."

मी हेडक्लार्क आहे. परत आलेल्या कागदावर मुद्द्याला धरून टिपण लिहायची मला सवय आहे. पहिला मुद्दा किमतीचा, म्हणून आधी ते लिहितो.

सीतारामराव मागच्या रविवारी गाडी चालवून बघायला आले. मी आणि गुरुमूर्ती बरोबर होतो. तिरुवैयारुच्या वाटेवर एकामागून एक पूल आहेत ते तुम्हाला आठवत असतील. पहिल्या पुलाच्या चढावर इंजिनात टकटक सुरू झाली. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. दुसऱ्या पुलावर तो वाढला. सीतारामराव म्हणाले, "कल्याणरामराव, घोडा विकताय की दमेकरी?" परत येईपर्यंत साडेचार हजारांचे अडतीसशे झाले होते.

ते गेल्यावर गुरुमूर्तीनं टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि मला विचारलं, हे कुणी भरलं? मी भरवलं होतं. आपल्या स्टेशनाजवळच्या बंकावरच्या पंपात साधं पेट्रोल मिळतं, ते. लिटरमागे बारा पैसे स्वस्त. पेट्रोल म्हणजे पेट्रोल, अशी माझी समजूत. तो म्हणाला, या विलायती इंजिनात पेट्रोलची वाफ फार दाबली जाते. साधं पेट्रोल तो दाब सोसत नाही, ठिणगी पडायच्या आधीच पेटतं, आणि इंजिन आतून ठोकायला लागतं. हिला वरच्या प्रतीचंच लागतं. "धाकट्या सारांनी चार वर्षांत हिला साध्याचा एक थेंब पाजला नाही," असंही तो म्हणाला, आणि ते मला ऐकवण्यासाठीच म्हणाला.

एक उपाय त्यानं सुचवला. ठिणगीची वेळ जरा मागे घ्यायची. खोकला थांबेल, साधं पेट्रोल चालेल, पण मग ती धावणार नाही, चारचौघींसारखी गाडी होईल. विकायला ते सोयीचं. मी नको म्हणालो. का, ते सांगता येत नाही.

सातशे रुपयांचं नुकसान माझ्यामुळे झालं आहे. ते मी भरून देईन.

तुमच्या दुसऱ्या ओळीबद्दल आज लिहीत नाही. तीन वेळा लिहायला घेतलं.

कल्याणराम


तंजावर
१९ एप्रिल १९६४

चि. वसुमतीस आशीर्वाद.

आता दुसरा मुद्दा.

नटराज दर रविवारी त्रिचीला पेट्रोल भरायला जात होता. त्यानं तुम्हाला हेच सांगितलं होतं, आणि तुमचा विश्वास बसला नाही. कुणाचाही बसला नसता. त्रिची पस्तीस मैल. जाऊन येऊन सत्तर. सत्तर मैलांना दोन गॅलनांच्या वर पेट्रोल जाळायचं, ते कशासाठी, तर सात गॅलनांची टाकी भरून आणण्यासाठी. शहाणा माणूस असं करील का? तुम्ही असं विचारलंत ते राजमनं मला सांगितलं होतं. चंद्रमतीआत्या तर वीधीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर बसून म्हणाली होती, "दर रविवारी त्रिची-श्रीरंगला जातो म्हणे. रंगनाथाला बघायला, का एखाद्या रंगनायकीला?" ते तुमच्या कानावर गेलं हेही मला माहीत आहे. मी तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत होतो.

पण वरच्या प्रतीचं पेट्रोल तंजावरात मिळत नाही. गुरुमूर्तीच्या माहितीप्रमाणे ते त्रिचीच्या एकाच बंकावर येतं. मागच्या शनिवारी मी अर्धी रजा टाकून बसनं तिथे गेलो.

बंकावर एक म्हातारा तमिळ माणूस आहे. लाल, दोन दारांची गाडी एवढंच मी सांगितलं, तर तो म्हणाला, "तंजावूर सार? रविवार, साडेनऊ. त्यांच्यावर घड्याळ लावावं." नटराज नळी कधी त्याच्या हातात देत नसे, स्वतः धरायचा. आधी तळहातावर दोन थेंब घेऊन वास घ्यायचा, रॉकेल मिसळलेलं नाही ना म्हणून. म्हातारा आधी रागवायचा, मग त्याला त्याची गंमत वाटायला लागली.

नंतर ते कुठे जायचे, असं मी विचारलं.

"कुठे जाणार? तोंड फिरवायचे आणि परत. एकदा मीच म्हटलं, सार, एवढ्या लांब येता, रंगनाथाचं दर्शन तरी घेऊन जा. तर म्हणाले, भरलेल्या टाकीची गाडी उन्हात उभी करून ठेवू नये, पेट्रोल उडतं."

हे बोलणं नटराजचंच आहे, दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही. तुम्हालाही ते ओळखू येईल.

तो आता का येत नाही, असं म्हाताऱ्यानं विचारलं. डिसेंबरात काविळीनं गेला असं मी सांगितलं. त्यानं खांद्यावरचं फडकं काढून हातात धरलं.

मी बरोबर एक डबा नेला होता, त्यात पेट्रोल भरून घेतलं. बसच्या कंडक्टरला वास आला. तो म्हणाला, "अय्या, हे घेऊन तुम्ही चढणार असाल तर मी उतरतो." डबा बंकावरच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी गुरुमूर्तीला घेऊन गाडीच नेली आणि टाकी भरली. येताना गाडीला आवाज नव्हता. माझ्या बाजूची काच खाली होती. वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

आता तुम्हाला खरं काय ते कळलं आहे. फॉर्म पुन्हा पाठवत आहे. सीतारामराव अजून थांबले आहेत.

कल्याणराम


तंजावर
१४ जून १९६४

चि. वसुमतीस आशीर्वाद.

तुम्ही लिहिलं आहे, "बंकवाल्याच्या हातावर रुपया ठेवला की तो काहीही सांगेल. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे? आणि माहीत होतं तर तेव्हा तुम्ही तसं का म्हणालात?"

पत्र येऊन सोळा दिवस झाले. रोज संध्याकाळी हा कागद काढतो. राजम विचारते, कचेरीचं काम घरी कशाला आणता? मी हो म्हणतो. खोटं बोलणं असं सोपं असतं. आधीही सोपंच गेलं होतं, आणि आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

बंकवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी मागच्या पत्रात गाळली. नटराजबरोबर कधी कुणी असायचं का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, बाईमाणूस कधी नाही. एकदाच एक वयस्क गृहस्थ होते, मांडीवर छत्री घेऊन बसलेले, गाडीतून उतरले नाहीत. मग त्यानं माझ्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं.

तो मी होतो.

फेब्रुवारी १९६२. दोन वर्षं मी त्या गाडीला ताटावर बसून नावं ठेवत आलो होतो. लाल माकड म्हणायचो. भाताचे पैसे धुरात जातात म्हणायचो. आणि त्या आठवड्यात मीच नटराजला कचेरीजवळ गाठून सांगितलं की मला एकदा बसव, पण घरी कळता कामा नये. तो हसला नाही. "वल्लम रस्त्याच्या नाक्यावर थांबा अण्णा, साडेआठ वाजता," एवढंच म्हणाला. वर्षअखेरीचं काम आहे, रविवारीही कचेरीत जावं लागणार, असं राजमला सांगून मी निघालो. तिनं दह्याभाताचा डबा दिला.

वल्लमच्या पुढे रस्ता सरळ आहे. काटा साठावर गेला. छत्री उडून जाईल म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली होती. मी हसत होतो, वसुमती. पन्नास वर्षांचा माणूस, तोंडात वारा जाईल एवढा हसत होतो. नटराज मधून मधून माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचा. परत येताना नाक्यावर उतरलो, डबा कालव्याच्या काठी बसून संपवला आणि चालत घरी आलो. त्या रात्री जेवताना मी त्याला पेट्रोलच्या उधळपट्टीवरून नेहमीसारखा बोललो. तो खाली मान घालून जेवत होता. त्यानं मला उघडं पाडलं नाही.

चार दिवसांनी तुम्ही राजमला म्हणालात, "भावोजी खोटं बोलत नाहीत. ते नुसतं हो म्हणू देत, मी पुन्हा हा विषय काढणार नाही." राजमनं मला वाढता वाढता विचारलं. नटराज गावाला गेला होता. तुम्ही दाराआड होतात. तुमच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या, ते मी ऐकलं.

मी म्हणालो, "त्याच्या रविवारांबद्दल मला विचारू नका."

हो म्हटलं असतं तर राजमनं विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मग कचेरीचं काम निघालं असतं, दह्याभाताचा डबा निघाला असता. तुम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसला असतात. एवढंच. याहून मोठं कारण असेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

तुम्ही त्याचा दुसरा अर्थ केलात. तो अर्थ होणार हे मला वाक्य तोंडातून जाताच कळलं होतं. मी ताकभात मागितला.

पंधरा दिवसांनी तुम्ही बडोद्याला गेलात. त्यानंतर मला सांगायला पावणेदोन वर्षं मिळाली. रोज वाटायचं, येईल आपणहून, थोडा राग आहे, निवेल. नटराज रोज टपालाची वाट बघायचा आणि रविवारी त्रिचीला जायचा. काविळीत मी तार करू का म्हटलं. नको म्हणाला. "आजारी आहे म्हणून आली तर काय उपयोग?" मी ऐकलं. शेवटी तार केली ती तो गेल्याचीच.

तुम्ही दिवसांना आला नाहीत याबद्दल वीधीत बोलणं झालं. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. तेही केलं नाही.

फॉर्म या वेळी पाठवत नाही.

कल्याणराम


तंजावर
२० सप्टेंबर १९६४

चि. वसुमतीस आशीर्वाद.

तीन महिने झाले, उत्तर नाही. उत्तर मागायचा मला हक्क नाही, तरी पोस्टमन वीधीत वळला की मी उठून उभा राहतो. बारा-पंधरा पावलं जातो आणि परत येतो. शेजारच्यांना वाटतं मला मधुमेह झाला आहे आणि डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे.

सीतारामरावांच्या जावयानं दुसरी गाडी घेतली. नंतर तिघे येऊन गेले. एक तीन हजार म्हणाला, एक अडीच. येईल त्याला मी आधीच सांगतो की हिला साधं पेट्रोल चालत नाही, दर आठवड्याला त्रिचीला जावं लागेल, सत्तर मैल. ते ऐकलं की माणूस पान खातो आणि निघतो. गुरुमूर्ती म्हणाला, "सार, गाडी विकायची आहे का लोकांची परीक्षा घ्यायची आहे?" आता तिची किंमत काय धरावी ते मला कळत नाही. बाजारात ती दर महिन्याला उतरते आहे.

दर रविवारी मी गुरुमूर्तीला घेऊन त्रिचीला जातो. माझ्याबद्दल वीधीत कुणी काही म्हणत नाही. माझ्याबद्दल कुणाला काही वाटावं असा मी कधी नव्हतोच.

राजमला मी सगळं सांगितलं. आधी ती ऐकत राहिली. मग तीन दिवस वेळेवर वाढलं, पण बोलली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर म्हणाली, "दही आंबट होतं त्या दिवशी. मला दिवसभर वाटत होतं, कचेरीत तुमच्या पोटाला त्रास झाला असेल." मग रडली. अठ्ठावीस वर्षांत मी तिला नटराजच्या दिवसांखेरीज रडताना पाहिलं नव्हतं.

तुम्हाला पत्रं लिहितो आहे हेही तिला सांगितलं. तेव्हा तिला राग आला. तिचे शब्द लिहितो: "पत्रं कसली लिहिता? तिनं तुमच्याकडे एक शब्द मागितला होता. शब्द तोंडानं मागितला होता, तो तोंडानं द्या. रीत मला सांगू नका. ज्याच्यासाठी रीत पाळायची तो राहिला नाही."

मी म्हटलं, ती या घरात येईल तेव्हा ना. ती म्हणाली, पोस्टात फोन आहे.

तुमच्या वडिलांच्या शेजारी डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे फोन आहे असं राजमकडून कळलं. तेरा ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी पाचनंतर मी त्या नंबरावर ट्रंक कॉल लावणार आहे. तुम्ही यावं असा आग्रह नाही. आला नाहीत तर मी समजेन.

कल्याणराम


तंजावर
१४ ऑक्टोबर १९६४

चि. वसुमतीस आशीर्वाद.

काल फोन तुटला तेव्हा तुम्ही काहीतरी विचारत होतात. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून लिहितो आहे. पण आधी इकडची बाजू लिहितो, कारण ती तुम्हाला दिसली नसेल.

मी चार वाजताच पोस्टात गेलो. कॉल नोंदवून बाकावर बसलो. बसवेना म्हणून उभा राहिलो. पावणेसात वाजता तारमास्तर वैद्यनाथनं हाक मारली, "बडोदा, बडोदा." आमच्या पोस्टात फोनची खोली म्हणजे नुसती फळी लावलेला कोपरा आहे. त्याला लागूनच मनिऑर्डरची रांग असते. काल रांगेत आठ-नऊ जण होते. निम्मे ओळखीचे. चंद्रमतीआत्याही होती, पोस्टाच्या बुकात पैसे भरायला आलेली.

तुम्ही म्हणालात, "हॅलो, कोण?"

मी म्हणालो, "मी कल्याणराम."

तुम्ही म्हणालात, "कोण कल्याणराम?"

यात तुमची चूक नाही. माझं नाव घरात कुणी घेत नाही आणि माझा आवाज तुम्ही चौकटीशी बोलतानाच ऐकलेला. मग मी नटराजचा अण्णा म्हणालो. मला तारेत नुसता वाऱ्यासारखा आवाज येत होता आणि तीन मिनिटांतली मिनिटं जात होती. मी कागदावर चार वाक्यं लिहून नेली होती. कागद खिशातच राहिला. मी एवढंच म्हणालो, "तो पेट्रोल भरायलाच जात होता. मी स्वतः पाहिलं होतं."

तुम्ही म्हणालात, "ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं म्हणालो. तुम्ही पुन्हा म्हणालात, "ऐकू येत नाही, पुन्हा सांगा."

वसुमती, मी कचेरीतसुद्धा शिपायाला हाक मारत नाही, घंटी वाजवतो. काल मी ओरडलो. "नटराज दर रविवारी पेट्रोल भरायलाच जात होता. मी बरोबर गेलो होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही." मनिऑर्डरची रांग वळून बघायला लागली. वैद्यनाथनं शिक्का मारायचा हात थांबवला. आत्याच्या हातातलं बुक खाली पडलं. ते तिनं उचललं नाही, तशीच बघत राहिली. आज सकाळपर्यंत सगळ्या वीधीला कळलं आहे.

तुम्ही चौथ्यांदा म्हणालात, "पुन्हा सांगा." त्या वेळी तुमचा श्वाससुद्धा मला स्पष्ट ऐकू येत होता. लाइन खराब नव्हती हे मला तेव्हा कळलं. मी पुन्हा सांगितलं. आणखी सांगायला लावलं असतंत तर आणखी सांगितलं असतं. तीन मिनिटं झाली, वाढवू का, असं ऑपरेटरनं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, पण नंतर तुम्ही रडत होतात आणि मी नळी कानाला धरून उभा होतो. त्यात पुढची तीन मिनिटं संपली.

घरी आल्यावर राजमनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, पुन्हा सांगा म्हणाली. ती म्हणाली, आणि? मी म्हणालो, आणि मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली आणि पान वाढलं.

डिसेंबरात वर्षश्राद्ध आहे. तिथी गुरुजींना विचारून कळवीन. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवावं. गाडीबद्दल काल तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. ती तुमची आहे. तुम्ही सांगेपर्यंत मी ती कुणाला दाखवणार नाही.

आता तुमचा प्रश्न. तो तुटता तुटता ऐकू आला, पण कळला. त्या रविवारी गाडीत तो तुमच्याबद्दल काय बोलला, असं तुम्ही विचारलंत.

काल रात्री राजम म्हणाली, काहीतरी चांगलं लिहा, तिला आधार होईल. लिहायला बसलो तर एक-दोन वाक्यं सुचलीही. पण माझ्या एका वाक्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं आहे. म्हणून जे झालं तेच लिहितो.

तो तुमच्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. जाताना इथल्या पेट्रोलमध्ये काय कमी आहे ते सांगत होता, येताना त्रिचीच्या पेट्रोलमध्ये काय जास्त आहे ते सांगत होता. वल्लमजवळ गाडीचा वेग कमी करून त्यानं मला गप्प बसायला सांगितलं आणि इंजिन ऐकायला लावलं. सत्तर मैल, वसुमती, तो फक्त पेट्रोलबद्दल बोलत होता.

तुमचा थोरला दीर,
कल्याणराम